वाचकांचे प्रश्न : धर्मसंवादाची पुस्तकं कुठल्या कपाटात?

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी हिंदू-मुस्लिम धर्मसंवाद हा विषय घेतला आहे. विद्यापीठ ग्रंथालयाच्या संगणकावर ‘धर्मसंवाद’ टाकलं की चारच पुस्तकं दिसतात. संग्रह इतका तोकडा असेल का?
– विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बहुधा नाही. ही पुस्तकं एका जागी नसतातच. ग्रंथालयं पुस्तकांना विषयवार क्रमांक (वर्गांक) देतात, त्या ड्यूई दशांश वर्गीकरणात धर्माधर्मांतले संबंध २०१.५ खाली येतात. पण ख्रिस्ती बाजूने लिहिलेलं २६१.२ ला, इस्लामच्या बाजूने लिहिलेलं २९७.२८ ला जातं. युद्ध आणि शांतता ३०३.६६, तंटे मिटवण्याचे मार्ग ३०३.६९, राष्ट्राराष्ट्रांतली शांतता ३२७.१७२. त्यात आणखी एक मेख आहे. २००३ मध्ये २२वी आवृत्ती येईपर्यंत २०१.५ चा विषय २९१.१७२ खाली होता. जुन्या पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या बदलायला माणसं कुठून आणायची? तेव्हा २९१ चं कपाट पाहाच.

तुमच्या विषयाचा गाभा तर धर्माच्या कपाटाबाहेरही असू शकतो. श्रीगोंद्याचे मुस्लिम संतकवी शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ मराठी काव्य म्हणून ८९१.४६ मध्ये शोधा. विनोबांचं ‘कुराण सार’ २९७ मध्ये आणि ‘ख्रिस्तधर्म सार’ बायबलच्या आसपास, अशी एकाच माणसाची एकाच ध्यासाची पुस्तकं दोन टोकांना गेलेली असतात.

मराठी पुस्तकांच्या नोंदी अनेकदा रोमन लिपीत केलेल्या असतात. देवनागरीत काही मिळालं नाही तर रोमनमध्ये शोधा आणि नावाची सगळी रूपं चालवून बघा : महंमद, महमद, मुहम्मद. ग्रंथालयाच्या संगणकावर कोहा ही ग्रंथालय-प्रणाली असेल तर शब्द अर्धा लिहून पुढे तारांकन द्या. मग विषयाच्या रकान्यात ‘हिंदुइझम – रिलेशन्स – इस्लाम’ हा मथळा इंग्रजीत टाका आणि नंतर तोच उलटा करून, ‘इस्लाम – रिलेशन्स – हिंदुइझम’ असा टाका. नोंद करणाऱ्याने नियमाने दोन्ही द्यायचे असतात. घाईत एकावर भागवलं जातं. ख्रिस्ती धर्माचा मथळा वेगळा, ‘ख्रिश्चॅनिटी अँड अदर रिलिजन्स’. सगळ्यात भरवशाचं म्हणजे, एक चांगलं पुस्तक हाती लागलं की त्याच्या नोंदीतले मथळे उतरवून घ्या आणि त्यांवरून पुढे जा. पीएच.डी.चे प्रबंध मात्र ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर पाहा.

प्रश्न : महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शांतता व धर्मसंवादाचा कोपरा करायचा आहे. जागा एका कपाटाची. कशी सुरुवात करावी?
– ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : वर्गांकाला हात लावू नका. कोहामध्ये फक्त पुस्तकाचं ठिकाण बदला आणि पाठीवर रंगीत पट्टी लावा. वर्गांक बदलले, की एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन क्रमांकांनी फिरू लागतात आणि उद्या कोपरा मोडला तर निस्तरता येत नाही.

तीन फुटी फळीवर २५ ते ३० पुस्तकं बसतात, पाऊणच भरा. प्रत्येक धर्मावर निदान दोन पुस्तकं हवीत : एक श्रद्धावंताने लिहिलेलं, एक अभ्यासकाने तटस्थपणे लिहिलेलं. देणगीतून येणारी खंडन-मंडनाची पुस्तकं फेकू नका, संशोधकाला ती लागतात. फक्त ती मूळ कपाटातच राहू द्या. तळाच्या फळीवर कोणताच धर्मग्रंथ नको. कुराण खाली ठेवलेलं अनेकांना खुपतं, आणि ते एकटंच वर नेलं तर दुसरी तक्रार येते. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी १०० खंड घेऊन कपाट अडवू नका. ‘गांधी हेरिटेज पोर्टल’वर ते मोफत वाचता येतात, तो पत्ता कपाटावर चिकटवा.