सपाटीवर ठीक, पण कसारा घाटात लोडवर पिकअप गरम होते. हेड उघडू का?

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अजून उघडू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की भिवंडीहून माल भरून निघालात की शहापूरपर्यंत तापमानाचा काटा निम्म्यावर असतो, कसारा घाट लागला की लाल पट्टीकडे सरकतो आणि इगतपुरीनंतर रस्ता मोकळा झाला की आपोआप खाली येतो. रेडिएटर धुऊन झाला, कूलंट नवीन भरलं, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, आणि आता गॅरेजवाला हेड पॅकिंग (हेड आणि खालच्या इंजिनमधलं सील) गेलंय म्हणतो. गाडी नेमकी कधी गरम होते, ह्यातच निम्मं निदान असतं आणि ते तुम्ही करून ठेवलंय.

सत्तरच्या वेगाला समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. तिथे भरलेली गाडी गरम होत नाही, म्हणजे रेडिएटरमधून पाणी फिरतंय आणि पाण्याचा पंपही बहुधा काम करतोय. रेडिएटर आतून चोंदला असता तर वेगातही काटा चढला असता. घाटात दुसऱ्या गिअरवर वीसच्या वेगाने चढताना इंजिन पूर्ण ताकद लावतं आणि वारा मात्र नसतो. तेव्हा सगळी भिस्त फॅनवर. माझा पहिला संशय फॅनच्या क्लचवर आहे.

बेल्टवर फिरणाऱ्या फॅनच्या मध्यभागी जी गोल डबी असते, तो व्हिस्कस क्लच. आत सिलिकॉन तेल असतं. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की डबीच्या तोंडावरची पत्र्याची स्प्रिंग वळते, आतली झडप उघडते, तेल खाचांमध्ये जातं आणि फॅन इंजिनच्या जोरावर फिरू लागतो. तेल गळून गेलं किंवा स्प्रिंग चिखलाने जाम झाली की फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. नुसतं बघून तो चांगलाच वाटतो.

तपासायचं असं. गाडी घाटात तापवून सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. मग कापड धरून फॅन हाताने फिरवा. गरम असताना तो जड जायला हवा. एक टिचकी मारली आणि दोन-तीन गिरक्या घेतल्या, तर क्लच गेला. डबीभोवती तेलकट काळी रेघ दिसली तर खात्रीच. दुसरी खूण कानाची: चढावर इंजिन तापलं की फॅनचा घोंगावणारा आवाज ऐकू यायला हवा. तो कधीच येत नसेल तर तेही उत्तरच आहे. इंजिन चालू असताना मात्र हात जवळ नेऊ नका. गाडीला इलेक्ट्रिक फॅन असेल तर फ्यूज, रिले आणि कनेक्टर बघा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय, कारण माझीही गाडी ह्याच घाटात तापायची. ऐन टोमॅटोच्या हंगामात हेड उघडलं, लेथवर फेसिंग करून, म्हणजे सपाट करून आणलं, आठ दिवस गाडी उभी. पहिल्याच फेरीत काटा परत वर. जुनं पॅकिंग कुठेही जळालेलं नव्हतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी बदलला तो फॅनचा क्लच.

काही ठिकाणी बोल्ट मारून क्लच कायमचा जाम करून देतात. घरी पोचण्यापुरतं ठीक, पण तसं चालवलं तर डिझेल जास्त जातं.

त्याच वेळी फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर जागेवर आहे का बघा. ते काढून टाकलेलं असेल तर फॅन रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळतो. एसी असेल तर कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत भुसा, माती आणि किड्यांचा थर साचतो. रेडिएटर बाहेरून धुतला तरी तो आत तसाच राहतो. इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या धारेने धुवा. प्रेशरच्या जोरात फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, दुमडतात.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहते ही समजूत खरी नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातो. नवा घेतलात तर आधी पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून तापवा, पाणी उकळायच्या आत तो उघडायला हवा. रेडिएटरचं झाकणही बदला, ते स्वस्त असतं. झाकणाने सुमारे 1 बार दाब धरला तर आतलं पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की हा सगळा फायदा जातो. आणि बोअरचं पाणी भरू नका, क्षार आत बसतात.

हेड पॅकिंगच्या खुणा वेगळ्या. सकाळी थंड इंजिन चालू करून लगेच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, थंड असतानाच रेडिएटरच्या उघड्या तोंडातून सतत बुडबुडे येतात, पाणी कुठेही न गळता कमी होतं, ऑइल चहासारखं दिसतं. यातलं काही असेल तर हेड उघडा. तुमच्या प्रश्नात यातलं एकही नाही.

तोवर घाट चढायचाच असेल तर एसी बंद, हिटर पूर्ण चालू, आणि तिसऱ्यात इंजिन गुदमरवण्यापेक्षा दुसऱ्यात आणा, म्हणजे पंप जोरात फिरेल. काटा चढला तर थांबा. पाणी फेकत नसेल तर दोन मिनिटं रेसिंग न करता चालू ठेवा; पाइप फुटला किंवा पाणी संपलं असेल तर तत्काळ बंद. रेडिएटरच्या झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आतली वाफ चेहऱ्यावर येते.