टीएच१७ पेशींवर पीएचडी करायची आहे, आधी काय शिकू?

प्रश्न : मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दाह वाढवणाऱ्या मानवी टी पेशींवर, विशेषतः टीएच१७वर (आयएल-१७ हा दाह वाढवणारा संदेश-रेणू बनवणाऱ्या पेशींवर), पीएचडी करायची इच्छा आहे. पेशींच्या पृष्ठभागावरच्या मार्करची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या प्रथिनांची, यादी पाठ केली आहे. पुढे काय?

उत्तर : यादी कामाची आहेच, पण मुलाखतीत विचारतील ते वेगळं : हा मार्कर या पेशीवर का येतो, आणि आणखी कोणावर येतो?

सीडी१६१ हा मार्कर घे. मानवी टीएच१७ पेशी नाळेच्या रक्तातल्या आणि थायमसमधल्या सीडी१६१ असलेल्या पूर्वज पेशींपासून तयार होतात, हे २००८ मध्ये दिसलं. आयएल-१ बीटा आणि आयएल-२३ हे संदेश-रेणू मिळाले की या पूर्वज पेशी आयएल-१७ बनवू लागतात. म्हणजे ही वंशाची खूण झाली. पण एनके (नॅचरल किलर) आणि मेट (एमएआयटी, टी पेशींचाच आणखी एक प्रकार) पेशींवरही ती असते, म्हणून आधी सीडी३ आणि सीडी४ वर गेट लावायचं, म्हणजे हे दोन्ही मार्कर असलेल्या पेशीच निवडायच्या. टीएच१७चा दुसरा मार्कर, सीसीआर६, काही नियामक (दाह आवरणाऱ्या) टी पेशींवरही सापडतो. सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी असलेल्या पेशी वगळ. उरलेल्यांत सीसीआर६सोबत सीसीआर४ असेल तर बहुधा टीएच१७. सीएक्ससीआर३ असेल तर इंटरफेरॉन गॅमाही बनवणाऱ्या पेशी बऱ्याच निघतात.

उंदराचे नियम माणसाला जसेच्या तसे लावू नकोस. माणसात टीएच१७ तयार व्हायला टीजीएफ बीटा (आणखी एक संदेश-रेणू) लागतं की नाही यावर बराच वाद झाला, कारण पेशी वाढवायच्या माध्यमातल्या सीरममध्येच ते असतं. कुठलाही शोधनिबंध वाचताना सीरम वापरलं होतं का, हे आधी बघ.

खरा वेळ फ्लो सायटोमेट्रीला दे, म्हणजे मार्करना रंगीत अँटिबॉडी लावून मशीनवर एकेक पेशी मोजण्याच्या तंत्राला. नवशिक्यांचे प्रयोग ठरावीक जागी फसतात. पीएमए-आयनोमायसिन या रसायनांनी चार-पाच तास उत्तेजन दिलं की सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढला जातो आणि पेशी ‘हरवतात’. अशा वेळी सीडी३ असलेल्या, सीडी८ नसलेल्या पेशी धर, किंवा सीडी४ आतून रंगव. केमोकाइन रिसेप्टर (सीसीआर६सारखे मार्कर) ३७ अंशांवर, इतर अँटिबॉडींच्या आधी रंगवले तर संकेत स्पष्ट येतो. मृत पेशींचा रंग आणि एफएमओ कंट्रोल (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेला नमुना) कधीच टाळू नकोस. मृत पेशींना अँटिबॉडी उगाचच चिकटतात. रक्तातल्या सीडी४ पेशींत आयएल-१७ बनवणाऱ्या साधारण एक टक्काच असतात. पाचशे हव्या असतील तर पन्नास हजार जिवंत सीडी४ पेशी मोजाव्या लागतील, म्हणून मशीन लवकर थांबवू नकोस.

मानवी रक्त हाताळण्याआधी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण कर.

मशीन हाती येईपर्यंत सार्वजनिक संग्रहातल्या एफसीएस फायली (फ्लो सायटोमेट्रीच्या मूळ नोंदी) उतरवून गेटिंगचा सराव कर, थोडी ‘आर’ ही संगणकभाषा शीक. मार्गदर्शकांना पत्र लिहिताना लांबलचक आवड सांगण्यापेक्षा तू स्वतः लावलेल्या गेटचं एक चित्र जोड आणि प्रत्येक गेट का लावलं ते एकेका ओळीत लिही.