रेड वाइन आणि फ्रिज

प्रश्न : रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात. पण बाहेर ठेवलेली नाकाला झोंबते, जळजळीत लागते. काय चुकतं?

उत्तर : तापमान. ‘खोलीचं तापमान’ हा सल्ला थंडगार घरांच्या काळातला. रेडला १५ ते १८ अंश सेल्सिअस पुरे. त्याहून गरम झाली की अल्कोहोल भराभर उडतं आणि फळांचा वास त्याखाली दबतो. ओतण्याआधी बाटली अर्धा तास खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. मात्र गारठवू नका, मग टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा जिभेवर खरखरतो. ग्लास एक तृतीयांशच भरा, दांडीला धरून फिरवा, मग हुंगा. काठोकाठ भरलेला फिरवणार कसा? ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर दोष बहुधा बुचाचा. ती बाटली गार करूनही सुधारत नाही.