मोहोळाचा पाईक

एका कथेतल्या पात्रासाठी नाव विचारलं आहे. अंगभर चिलखत घातलेला योद्धा, पण त्याची निष्ठा राजाशी नाही, कीटकांच्या थव्यात वसणाऱ्या एका सामाईक मनाशी. 'सामूहिक मनाचा कवचधारी भक्त' चालेल का?

अर्थ कळतो, पण वाचताना सरकारी परिपत्रक वाटतं. शिवाय 'सामूहिक मन' म्हटलं की डोळ्यांपुढे माणसांची गर्दी येते. मी सरळ 'मोहोळ' घेईन. पोळं म्हणजे मेणाचं घर. मोहोळ म्हटलं की घरासकट माश्याही आल्या. म्हणून पोळं काढतात, पिळतात. उठतं ते मोहोळ. त्या क्रियापदातच हजारो माश्या एकवचनी होतात. आग्या माश्यांचं मोहोळ सुरक्षित अंतरावरून नीट पाहा. गांधीलमाशी जवळ घोटाळू लागली की बाहेरच्या थरातल्या माश्या एकीपाठोपाठ एक पोट वर झटकतात आणि क्षणात सगळ्या मोहोळावरून लाट सरकते. हुकूम कोणी देत नाही, राणीसुद्धा नाही. म्हणूनच 'राणीचा सेवक' इथे चुकेल.

कीटक वाळवीचे असतील तर मात्र अडचण आहे. 'वारूळ' म्हटलं की मराठी वाचकाला आधी नागोबा दिसतो.

आता 'भक्त'. यासाठी आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे: पाईक. मूळ अर्थ पायदळातला शिपाई. तुकोबांच्या गाथेत 'पाइकाचे अभंग' आहेत. त्यांतला पाईक धन्यासाठी जिवावर उदार होतो, आणि तोच भक्ताचा आदर्श ठरतो. लढणारा आणि वाहून घेतलेला, दोन्ही एका शब्दात! आज 'विचारांचा पाईक' असं भाषणांतून ऐकून ऐकून त्यातला शिपाई आपण विसरलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. 'मोहोळाचा पाईक' म्हटलं की तो परत उभा राहतो.

राहिलं चिलखत की कवच. चिलखत चढवतात आणि उतरवतात. १६५९ साली प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली घातलं होतं ते चिलखत. कर्ण जन्मला ते कवच घेऊन, आणि इंद्राला देताना त्याला ते अंगावरून सोलून काढावं लागलं. कासवाचं, खेकड्याचं, भुंग्याचंही कवचच. तेव्हा तुमचा योद्धा रात्री ते काढून खुंटीला टांगत असेल तर 'चिलखती पाईक' म्हणा. अंगातूनच फुटलं असेल तर कवच.