बीबी बदलली, चेन बदलली, तरी फिक्सीची टकटक जात नाही. आवाज नेमका कुठून येतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायकल फिक्सी, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरत राहणारी. पुढे ४८ दाते, मागे १६. बेळगावच्या टिळकवाडीतून निघून येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ लागला की उजवा पाय खाली जाताना दर फेरीला एक ‘टक्’. सपाटीवर काही नाही. बीबी (बॉटम ब्रॅकेट, दोन पायडलांच्या मधला एक्सल आणि त्याचं बेअरिंग) नवी बसवून झाली, चेन नवी घातली, आणि आता दुकानातले मिस्त्री म्हणताहेत की फ्रेमच गेली असणार.

फ्रेमवर इतक्यात पैसे घालू नका. मला वाटतं आवाज मागच्या चाकातून येतोय, आणि तो बीबीतून आल्यासारखा का वाटतो याचं कारण तुम्हीच लिहिलेल्या दोन आकड्यांत आहे.

त्याआधी मात्र मागचा कॉग (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) आणि लॉकरिंग (त्याला बाहेरून अडवणारी कडी) तपासा. हे होईपर्यंत सायकल चढ-उतारावर नेऊ नका. टकटक कितीही त्रास देत असली तरी तिने माणूस पडत नाही, कॉग सुटला तर पडतो.

फिक्सीत पाय पुढे रेटला की कॉग हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आवळतो, आणि पाय रोखून वेग कमी केला की तोच कॉग सुटायला बघतो. म्हणून खऱ्या फिक्स हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली कॉगसाठी, सरळ आट्यांची. बाहेरची थोड्या लहान व्यासाची, उलट्या आट्यांची, ती लॉकरिंगसाठी. कॉग सुटू लागला की तो लॉकरिंगला त्याच दिशेने ढकलतो, आणि उलट्या आट्यांमुळे लॉकरिंग आणखी घट्ट होतं. आपल्याकडे जुन्या सायकलची फिक्सी करताना बरेचदा साधा फ्रीव्हीलचा (पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या सायकलचा) हब वापरतात, त्यावर कॉग चढवतात आणि वरून बीबीचं लॉकरिंग मारतात. ते बसतं, कारण फ्रीव्हील आणि बीबी दोन्हींचे आटे जवळपास १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असे असतात. पण तिथे दोन्हीकडे सरळच आटे. पाय जोरात रोखला की कॉग आणि लॉकरिंग हातात हात घालून सुटतात.

माझ्या पहिल्या फिक्सीवर हेच झालं. ती एका दुकानातून तयार करून आणली होती. आठवडाभर ‘खट्’ असा आवाज येत होता, पाय रेटण्यावरून रोखण्याकडे वळला की एकदा, पुन्हा रेटायला लागलो की एकदा. मी तो ढिल्या चेनचा समजलो. राजहंसगडावरून उतरताना पाय रोखला, तर पायडल मागच्या बाजूला सैल फिरलं आणि चाक तसंच धावत राहिलं. पुढे ब्रेक होता म्हणून थांबलो. तुमच्या सायकलला पुढचा ब्रेक नसेल तर तो आजच बसवून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. ट्रॅकवर ब्रेक लागत नाही, येळ्ळूरच्या रस्त्यावर लागतो.

तपासायचं असं. मार्करने हब, कॉग आणि लॉकरिंग या तिघांवरून एक सरळ रेघ ओढा. घराजवळच्या सपाट गल्लीत दहा-बारा वेळा जोरात रेटा आणि रोखा, मग रेघ बघा. ती तुटलेली दिसली, केसाएवढी जरी सरकलेली असली, तर कॉग फिरतोय. हब साधा असेल तर हब बदला. हब खरा फिक्सचा असेल तर सगळं उतरवून आटे बोटाने चाचपा. धातूच्या भुशासारखी चमकती पूड निघाली किंवा आट्यांची धार गोल झालेली लागली तर त्या हबवर पुन्हा कॉग आवळू नका. आटे चांगले असतील तर ग्रीस लावून कॉग आवळा, थोडी सायकल चालवून तो आणखी बसू द्या, आणि मग लॉकरिंग हुकाच्या पान्याने पुन्हा आवळा. छिन्नी-हातोडीने नको. लॉकरिंगच्या खाचा त्याने जातात.

रेघ जागची हलली नाही असं धरून पुढे जातो.

गिअरच्या सायकलवर पहिली युक्ती सोपी असते: पायडल मारणं थांबवा, आवाज थांबला तर तो क्रँककडचा (क्रँक म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा). फिक्सीत ती सोय नाही. मग आपण फेऱ्या मोजतो. क्रँकच्या दर फेरीला एक टक् आली की सगळे मिस्त्री बीबीकडे बोट दाखवतात, आणि एरवी ते बरोबरही असतं. पण ४८ भागिले १६ म्हणजे बरोबर ३. क्रँकच्या एका फेरीत चाक नेमकं तीन वेळा फिरतं, ना कमी ना जास्त. म्हणजे चाकातली एखादी तार (स्पोक) बोलत असेल तर ती क्रँकच्या त्याच त्या तीन जागांवरच बोलणार, उद्याही आणि परवाही. त्या तीनपैकी एक जागा उजवा पाय पूर्ण जोरात असतानाची असेल, तर चढावर तेवढीच ऐकू येते, बाकीच्या दोन दबून जातात. कानाला ऐकू काय येतं? उजव्या पायाबरोबर दर फेरीला एक टक्. अगदी बीबीसारखी.

मी उद्यमबागेत लेथवर आहे. गिअर कापणाऱ्या शेजारच्या शॉपमध्ये हे रोजचं बोलणं असतं, की दोन चाकांच्या दात्यांना पूर्ण भाग जाऊ देऊ नये, एखादा दाता जादा ठेवावा, म्हणजे तोच दाता पुन्हा पुन्हा त्याच दात्याला भिडत नाही आणि झीज सगळीकडे वाटली जाते. हे ऐकत मी कित्येक वर्षं चहा प्यायलो, पण तीच गोष्ट माझ्या सायकलला लागू आहे हे दोन बीबी बदलल्यावर लक्षात आलं.

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा मागच्या एक्सलचे दोन्ही नट. चेन उजव्या बाजूने ओढते, त्यामुळे एक्सलचं उजवं टोक चढावर पुढे सरकायला बघतं आणि फ्रेमच्या खाचेत घासून टक् करतं. हा आवाज चाकाबरोबर फिरत नाही, जोराबरोबर येतो, म्हणून तो आधी बाजूला काढायचा. नट काढा, खाचेच्या दोन्ही अंगांना लागलेली लाल माती आणि उडालेल्या रंगाचे पापुद्रे पुसा, नटाच्या आट्यांना आणि वॉशरच्या मधे ग्रीस लावा, १५ च्या लांब पान्याने नीट आवळा. टॉर्कचा पाना मिळत असेल तर ३० ते ४० न्यूटन-मीटर. पुन्हा चढावर जाऊन या. आवाज गेला तर काम झालं.

नाही गेला तर आता चाक अर्धी फेरी बदलून बघायचं. उजवा क्रँक पुढे आडवा धरा, घड्याळात तीन वाजल्यासारखा, आणि त्या वेळी वाल्व कुठे आहे ते लिहून ठेवा. नट सैल करा, चाक पुढे सरकवा, चेन कॉगवरून उतरवा. क्रँक न हलवता चाक बरोबर अर्धी फेरी फिरवा, म्हणजे आठ दाते, आणि चेन परत चढवा. ताण आधीइतकाच ठेवा: चेन सगळ्यात घट्ट असते त्या जागी मधोमध बोटाने वरखाली केली तर अर्धा इंचभर हलली पाहिजे. मग पुन्हा चढावर.

टक् अजूनही तीन वाजल्याच्याच जागी आली तर ती क्रँककडची. ती सरकून एक किंवा पाच वाजल्याच्या जागी गेली, किंवा एकदम मंद झाली, तर ती चाकात आहे. चाकाची अर्धी फेरी म्हणजे क्रँकची एक षष्ठांश फेरी, घड्याळातले दोन तास, म्हणून तो फरक कानाला स्पष्ट कळतो. हे करायला पहाटे व्हॅक्सिन डेपोकडचा रस्ता बरा, तिथे पाखरांशिवाय आवाज नसतो. चढ नसला तरी चालेल. उभं राहून, वेग अगदी कमी ठेवून, जोर लावायचा.

माझी टक् तीनवरून पाचवर गेली. घरी येऊन चाक मांडीवर घेतलं आणि शेजारशेजारच्या दोन-दोन तारा मुठीत दाबत फिरलो. उजव्या बाजूला वाल्वपासून पाचव्या जोडीला तोच आवाज हातात आला. दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे दोघींवर नखाला लागेल अशी खाच पडलेली, आणि खाचेत गंजाचा तपकिरी ठिपका. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि खानापूर रोडचा चिखल त्या फटीत बसतो आणि वाळतो. तिथे तेलाचा एकेक थेंब सोडला आणि आवाज त्याच दिवशी थांबला. पण तेल हा तात्पुरता उपाय. तारा ढिल्या होत्या म्हणूनच घासत होत्या, त्यामुळे चाकाचा आउट (डगमग) काढून घेताना तारांचा ताणही सारखा करून घ्या. खाच खोल असेल तर त्या दोन तारा बदला. तेल रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीवर ओघळू देऊ नका.

तारा गप्प असतील तर हबचे कोन आणि छर्रे, म्हणजे त्याचं बेअरिंग. एक्सल बोटांनी फिरवून बघा, खरखर लागली तर उघडायचं.

टक् क्रँककडची निघाली तर मी बीबीला अजूनही शेवटी ठेवेन, कारण ती नवी आहे. आधी पायडल. कुणा मित्राची पायडलं दोन दिवस लावून बघा. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे विसरू नका, चुकीच्या दिशेने जोर लावून क्रँक खराब केलेली मी पाहिली आहे. मग चेनव्हीलचे (पुढच्या दातेरी चक्राचे) पाच बोल्ट: एकेक काढा, पुसा, ग्रीस लावा, परत आवळा. हे पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि बीबीच्या नावावर खपलेल्या कितीतरी टकटकी तिथे सुटतात. मग क्रँकचा बोल्ट. चौकोनी टोकाच्या एक्सलवर तो ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळलेला हवा. ढिल्या क्रँकने पुष्कळ दिवस चालवली असेल तर क्रँकमधलं चौकोनी भोक पसरतं, मग कितीही आवळा, महिन्याभरात पुन्हा ढिली. तिथे क्रँकच बदलावी लागते.

आणि मिस्त्रींना एवढं विचारा, की नवी बीबी बसवताना आट्यांना ग्रीस लावलं होतं का. कोरड्या आट्यांत बसवलेली नवीकोरी बीबीही टकटकते. मला एकांनी असंच सांगितलं होतं, “बीबी नवीच हाय, खरं आवाज तितनंच येतोय बघा.” तेही खोटं बोलत नव्हते. लोखंडी नळीतून आवाज असा पसरतो की कान दाखवेल ती जागा खरी मानता येत नाही. त्यापेक्षा बोट खरं. पुढचं चाक भिंतीला टेकवा, उजवा क्रँक आडवा करून पायाने दाबा, आणि दुसऱ्या कुणाला तरी एकेक भागावर बोटाचं टोक ठेवायला सांगा. जिथून टक् निघते तिथे ती त्यांच्या बोटाला लागते.

बीबी काढायची वेळ आलीच तर उजव्या बाजूचा कप बहुतेक सायकलींत उलट्या आट्यांचा असतो.

सीटचं लगेच कळतं: उभं राहून चालवल्यावर आवाज बंद झाला तर सीटपोस्ट किंवा सीटच्या खालच्या दांड्या. चेन तुम्ही नवी घातलीय, तरी तिचा आवाज ओळखायची खूण सांगून ठेवतो. साधारण १०० कड्यांची चेन असेल तर ४८ दात्यांवर तिची एक फेरी दोन क्रँक-फेऱ्या आणि वर चार कड्या एवढी होते. म्हणजे आखडलेली एखादी कडी दोन फेऱ्यांनी एकदा बोलते, आणि दर वेळी घड्याळातला एक तास पुढे जाऊन. तुमची टक् एकाच जागी येते, म्हणून चेन बदलायची खरं तर गरज नव्हती.

हे सगळं करूनही राहिली तर फ्रेम. सायकल धुवून उन्हात न्या आणि बीबीच्या सांध्याला तसंच मागच्या खाचांजवळ रंगात केसासारखी रेघ आहे का, तिच्यातून गंज झिरपलाय का ते बघा. लोखंडी फ्रेम असेल तर ब्रेझिंगने सांधून मिळते.

आवाज सापडल्यावर १६ चा कॉग काढून १७ चा घाला. कॉग एका दात्याने वाढला की एक्सल जेमतेम तीन मिलिमीटर पुढे येतो, त्यामुळे खाचेत जागा असेल तर हीच चेन चालेल. चढाला गिअर ३ वरून २.८२ वर येतो, गुडघ्यांना ते जाणवतं. एकाच पायाने पाय रोखून चाक घसरवत थांबत असाल तर ४८-१६ वर टायर दर वेळी त्याच एका जागी घासतो, ४८-१७ वर ती झीज सतरा जागांत वाटली जाते. आणि पुढच्या वेळी चाकात काही बोलू लागलं तर ते क्रँकच्या एकाच जागी अडकून बसणार नाही, दर फेरीला जागा बदलत राहील, आणि चाकाचं आहे हे तुम्हाला सायकलवर बसल्या बसल्याच कळेल.