अठरा वर्षांचा फर्नेस असलेलं घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला नोकरी पक्की झाली आहे, फेब्रुवारीत सोलापूर सोडताय. तिथे असलेल्या दिरांनी एक सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेलं घर बघून ठेवलंय. फर्नेस (घर तापवणारं गॅसचं यंत्र) आणि एसी दोन्ही १८ वर्षांचे, पण विकणारा म्हणतो 'सगळं चालू आहे'. घर घ्यावं का, बदलायला किती पैसे लागतील, आणि आपल्याकडचा स्प्लिट एसी नेता येईल का?

शेवटचं आधी सांगतो. नेऊ नका. तिथे घरातल्या साध्या सॉकेटची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि बहुतेक घरांत एसी भिंतीवर नसतो, तो फर्नेसशी जोडलेला असतो. कूलरचाही विचार मनात असेल तर काढून टाका. सोलापूरची मे महिन्यातली हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या ताट्यांतून आलेला वारा सुखावतो. ओंटारिओचा जुलै दमट असतो, तिथे कूलर लावला की घामाच्या धारा.

घर सोडू नका. मात्र 'चालू आहे' हे ऐकून भाव मान्य करू नका. गॅस फर्नेसचं आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं, एसीचं त्याहून थोडं कमी. म्हणजे दोन्ही संपले असं धरूनच बोलणी करा. नवा फर्नेस बसवून साधारण ४ ते ७ हजार डॉलर आणि एसी जवळपास तेवढाच, असं धरून चाला. दिरांना सांगा, बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेसच्या आतल्या पाटीचा फोटो काढून पाठवा. मॉडेल आणि सिरियल नंबर त्यावर असतो, त्यावरून बनवल्याचं वर्ष कळतं. फर्नेसमधून दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर गेलेत की पत्र्याचा पाइप वर चिमणीत गेलाय, तेही बघायला सांगा. पत्र्याचा असेल तर तो जुन्या पद्धतीचा, गॅस जास्त खाणारा. कॅनडात आता नवा घरगुती फर्नेस ९५ टक्के कार्यक्षमतेचा लागतो. तो प्लॅस्टिकच्या पाइपातून धूर सोडतो आणि त्यातून पाणीही ठिबकतं, म्हणजे ड्रेनची सोय लागते. पाणी तापवायची टाकी त्याच चिमणीवर असेल तर फर्नेस निघाल्यावर ती एकटीच मोठ्या चिमणीवर उरते आणि तिचा धूर नीट चढत नाही. मग चिमणीत लायनर, म्हणजे आतून अरुंद पाइप घालावा लागतो. कोटेशनमध्ये हा खर्च बरेचदा नसतो, तो आधीच विचारा.

आता एसी. उन्हाळा नसेल तर घर तपासणारा इन्स्पेक्टर एसी चालवून बघत नाही, थंडीत चालवला तर कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो. म्हणजे जानेवारीत घेतलेल्या घराचा एसी 'चालू आहे' याला तपासणीचा आधार नसतो. एवढ्या जुन्या एसीत बहुधा आर-२२ हा गॅस असेल. त्याची नवी आयात २०२० पासून बंद आहे. गळती झाली तर गॅस भरत बसू नका, बदलाच. एसीचं कॉइल फर्नेसच्या डोक्यावर बसतं आणि हवा ढकलणारा पंखा दोघांचा एकच, म्हणून दोन्ही एकदम बदलले तर मजुरी वाचते. त्याच वेळी एसीऐवजी हीट पंप घ्यायचा का, हेही विचारा. तो उन्हाळ्यात गार करतो, हिवाळ्यात गरम, आणि खूप थंडीत गॅस फर्नेस मदतीला येतो.

माझं सगळ्यात मोठं म्हणणं वेगळंच आहे: फर्नेस बदलायचा तो तुमच्या सवडीने, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडला तर गच्चीवर अंथरूण टाकता येतं. उणे २० मध्ये फर्नेस बंद पडला तर काही तासांत घर गारठतं, नळाचे पाइप गोठून फुटू शकतात. त्या रात्री लहान मूल कडेवर घेऊन माणूस येईल त्या भावाला सही करतो. घाई नसेल तर तिघांकडून कोटेशन घेता येतं, आणि घराचा हीट लोड, म्हणजे घराला किती उष्णता लागते ते मोजलं का, असं विचारता येतं. त्यासाठी तिथे सीएसए एफ-२८० नावाची पद्धत आहे. जो माणूस खिडक्या-भिंती न बघता 'आहे त्याच साइजचा टाकू' म्हणतो, त्याला काम देऊ नका. गरजेपेक्षा मोठा फर्नेस सारखा चालू-बंद होतो, एक खोली तापते आणि दुसरी गार राहते. मोठा एसी घर पटकन गार करतो, पण हवेतला दमटपणा तसाच ठेवतो. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), हा एसीचा हिशोब तिथेही तोच.

सगळ्यात जपायचं ते भाड्याच्या फर्नेसला. ओंटारिओत फर्नेस, एसी, पाण्याची टाकी भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत. महिन्याला १२० डॉलर ऐकायला हलकं वाटतं. १० वर्षांचे १४,४०० होतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने घर घेतलं आणि नंतर कळलं की फर्नेस घराचा नाहीच, सोडवायला हजारो डॉलर लागणार. खरेदी करारात भाड्याच्या वस्तूंचा रकाना असतो, तो कोरा ठेवू नका, विकणाऱ्याकडून लिहून घ्या आणि वकिलाला भाड्याच्या कंपनीने घरावर काही बोजा नोंदलाय का ते बघायला सांगा. जून २०२४ पासून असा बोजा नोंदवायला ओंटारिओत बंदी आहे, आणि दारावर येऊन, तुम्ही न बोलावता फर्नेस विकायला १ मार्च २०१८ पासून. तरी कुणी 'मोफत तपासणी' म्हणत दारात आलं तर आत घेऊ नका, गॅस-विजेचं बिलही दाखवू नका. गॅसचं काम टीएसएसए या ओंटारिओच्या सुरक्षा संस्थेचं लायसन्स असलेल्याकडूनच करून घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असल्याशिवाय एक रात्रही झोपू नका. जुन्या फर्नेसचं हीट एक्स्चेंजर, म्हणजे धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा धातूचा भाग तडकला तर हा वायू घरात येऊ शकतो, त्याला ना रंग ना वास. थंडी वाजते म्हणून घरात कोळशाची शेगडी किंवा ओव्हन उघडा ठेवून बसणं तर कधीच नको. अडीअडचणीला दोन छोटे इलेक्ट्रिक हीटर घेऊन ठेवा, एकाच सॉकेटवर दोन्ही लावू नका.

आणि फिल्टर. घरातली हवा फर्नेसमधूनच फिरत राहते, म्हणून खालच्या स्वयंपाकघरातल्या लसणाच्या फोडणीचा वास वरच्या बेडरूममधल्या कोटांना लागतो. शेगडीवर बाहेर धूर सोडणारा रेंज हूड आहे का बघा. नुसता आतल्या आत फिरवणारा असेल तर तोही बदलायच्या यादीत. कागदी फिल्टर १ इंचाचा असेल तर दर एक-दोन महिन्यांनी उजेडात धरून बघा, करडा दिसला की बदला. खूप दाट फिल्टर लावला तर पंख्यावर ताण येतो, मर्व्ह (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) ८ ते ११ बहुतेक घरांना पुरतो.

दिरांना आजच फोन करा. पाटीचा फोटो, पाइपचा फोटो, भाड्याच्या वस्तूंची यादी, मागच्या सर्व्हिसचं बिल. हे चार कागद हातात आल्यावर मग भावावर बसा.