बाजार कोण उघडा ठेवतं?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या वर्षी मिरवणुकीच्या वाटेवरून दगडफेक झाली. दोन्हीकडची पोरं आत गेली. तेव्हापासून आमच्या बचत गटातल्या मुस्लिम बायका बैठकीला येत नाहीत. आठवडी बाजारात 'त्यांच्याकडून घेऊ नका' असं उघड चालतं. पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत एकही बाई नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. आम्ही बायकांनी काय करावं? घरचे म्हणतात, तू यात पडू नकोस.
– एक वाचक भगिनी, मराठवाडा

उत्तर : ताई, तुम्ही पत्रात शांतता समिती ठळक लिहिलीत आणि आठवडी बाजार ओझरता. मी आधी बाजाराचं बोलते.

केनियाच्या ईशान्येला, सोमालियाच्या सीमेलगत, वजीर नावाचा कोरडा जिल्हा आहे. लोक सोमाली, धर्म सगळ्यांचा एकच, इस्लाम. पण कुळं वेगळी. देगोदिया, अजुरान, ओगादेन. दुष्काळ पडलेला, सोमालियातून बंदुका येत होत्या, त्यात 1992 ची निवडणूक. कुळाकुळांत मारामाऱ्या पेटल्या आणि गावच्या बाजारातही बायका एकमेकींना माल देईनात. देखा इब्राहिम अब्दी ही तिथली शिक्षिका. एका रात्री गोळीबार सुरू झाला तेव्हा ती लेकराला घेऊन पलंगाखाली लपली. सकाळी आईनं सांगितलं, तू एवढीशी होतीस तेव्हा मीही तुला अशीच घेऊन लपले होते. म्हणजे एक अख्खी पिढी गेली आणि पलंग तोच. देखानं ते मनावर घेतलं.

1993 मध्ये तिनं आणि वेगवेगळ्या कुळांतल्या काही बायकांनी सुरुवात केली ती बाजारापासून. नियम एकच : कोणीही कोणाकडूनही घ्यायचं, कोणालाही विकायचं, कूळ विचारायचं नाही. नियम पाळला जातो का हे बघायला बाजारातल्याच बायका नेमल्या. कुठे कुरबुर झाली की त्या लगेच कळवायच्या आणि या बायकांची समिती येऊन तिथल्या तिथे मिटवायची. बाजार सुरळीत झाला, मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. तिथेही डोकं चालवलं. मोठ्या कुळाचा म्हातारा बोलला की दुसऱ्याला राग येणार, म्हणून सगळ्यात लहान कुळातल्या म्हाताऱ्याला पुढे केलं. त्याच्याकडून कोणाला धोका वाटत नव्हता. मग तरुण आले, शेवटी सरकारी अधिकारी. 1995 मध्ये जिल्हा प्रशासनाच्या कामात शांतता समितीला रीतसर जागा मिळाली. पुढे हा नमुना केनियात इतर जिल्ह्यांनी उचलला.

क्रम बघितलात ना? समितीतली खुर्ची शेवटी आली.

आपल्याकडे उलटं असतं. मी मुंबईत 1993 च्या दंगलीनंतर मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे पोलीस आणि दोन्ही समाजांचे रहिवासी यांच्या समितीच्या, कामात होते, पोलीस ठाण्यातल्या बैठकाही पुष्कळ पाहिल्या. सणाच्या आधी फोन येतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा-बिस्किटं, साहेबांचं मार्गदर्शन, 'आमच्या भागात कायम सलोखा राहिलाय' हे प्रत्येकाचं भाषण, शाल-श्रीफळ, फोटो. सण पार पडला की पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला ओळखत नाही. याला समिती म्हणवत नाही मला. भिवंडीत 1970 आणि 1984 मध्ये भयंकर दंगली झाल्या होत्या. तिथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या त्या रोजच्या तक्रारींवर. डिसेंबर 1992 मध्ये शेजारी मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. 1994 मध्ये मुंबईत सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांनी पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या साथीनं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यातही खरं काम बिनसणाच्या दिवसांत झालं. आमच्याकडे बायका यायच्या त्या नळाच्या पाण्यासाठी, रेशनकार्डासाठी, दारुड्या नवऱ्याच्या तक्रारीसाठी. त्यातून ठाण्याची पायरी चढायची भीती गेली. एकीच्या अर्जावर दुसरी साक्षीदार म्हणून सही करू लागली, आणि नावं दोन धर्मांची असायची.

आता तुमचं. तुम्ही अंगणवाडी सेविका आहात. वजन करायला, पोषण आहार द्यायला तुम्हाला दोन्ही वस्त्यांत प्रत्येक घरात जावंच लागतं. कोणी विचारणार नाही की इकडे का आलात. गावातल्या एकाही पुढाऱ्याकडे हे नाही. गटातल्या ज्या बायका यायच्या थांबल्या त्यांच्याकडे भाषण घेऊन जाऊ नका, गटाचं रजिस्टर घेऊन जा. त्यांची बचत अडकलेली असेल, कर्जाचे हप्ते राहिले असतील. हिशेब हे परत यायला चांगलं निमित्त असतं, त्यात कोणाला कमीपणा येत नाही. बैठक काही महिने त्यांच्या गल्लीत घ्या. बाजारात तुमच्या गटाच्या चार-पाच जणींनी ठरवून, ज्यांच्याकडून 'घेऊ नका' म्हणतात त्याच भाजीवाल्यांकडून भाजी घ्यायची, एकत्र, सगळ्यांना दिसेल अशी. घोषणा नको.

आत गेलेल्या पोरांच्या आयांना भेटा, दोन्हीकडच्या. कोर्टाच्या तारखांना त्या एकाच बाकड्यावर बसत असतील. वकिलाची फी त्यांनाही सारखीच जड जाते, आणि तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो हे बहुधा दोघींनाही कोणी सांगितलेलं नसतं.

मग अर्ज. शांतता समितीत अंगणवाडी सेविका, आशाताई आणि बचत गटांच्या प्रतिनिधी घ्याव्यात, असा लेखी अर्ज पोलीस निरीक्षकांना द्या, एक प्रत तहसीलदारांना. दोन्ही समाजांच्या बायकांच्या सह्या हव्यात. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. 'बघू' म्हणतील. पुढच्या महिन्यात पोच दाखवून परत विचारा.

घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दगड पडत असताना मध्ये उभं राहायचं नाही, तिथे 112 ला फोन करायचा. एकटीनं काही करायचं नाही. मोबाईलवर आलेली 'अमक्या ठिकाणी अमकं झालं' ही बातमी पुढे ढकलण्याआधी त्या गल्लीतल्या आपल्या बाईला फोन लावून विचारायचं. जानेवारी 1993 मध्ये समुद्रातून हत्यारं उतरणार म्हणून मुंबईत लोक रात्र रात्र किनाऱ्यावर जागत बसले होते. तेव्हा मोबाईल नव्हते, तरी ही गत.

प्रश्न : बायका मुळातच शांतताप्रिय असतात म्हणून त्यांना पुढे करावं, असं सारखं वाचतो. तुम्हाला पटतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर उतरून पोरांना चिथावणाऱ्या, पोलिसांची वाट अडवणाऱ्या बायकाही होत्या. मणिपूरकडे बघा. तिथल्या मैरा पायबी, म्हणजे मशाली घेऊन रात्री पहारा देणाऱ्या मैतेई बायका, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दारूविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पुढे लष्कराच्या अत्याचारांविरुद्ध. जुलै 2004 मध्ये आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून पकडून नेलेल्या थांगजम मनोरमा यांच्या हत्येनंतर बारा जणींनी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र होऊन निदर्शनं केली. तिथे तेव्हा आसाम रायफल्सचा तळ होता. त्याच वर्षी तो हलवावा लागला. पण 2023 मध्ये मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार पेटल्यावर त्याच संघटनेतल्या बायकांनी सैन्याचे रस्ते अडवले. जूनमध्ये इथाम गावात बायकांच्या पुढाकारानं आलेल्या जमावानं घेरल्यावर सैन्यानं पकडलेले बारा सशस्त्र मैतेई बंडखोर सोडून दिले. धैर्यात त्या बायका 2004 मध्येही कमी नव्हत्या आणि 2023 मध्येही नव्हत्या. पण त्यांच्यात कुकी बाई कधीच नव्हती, आणि दुसऱ्या वेळी भांडण कुकींशीच होतं. वजीरच्या बायका पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या कुळांच्या होत्या. माझ्या लेखी सगळा फरक तिथे आहे. बाई आहे एवढ्यावर मी कोणाला समितीत घेणार नाही. समोरच्या वस्तीत तिची ओळख किती, हे आधी विचारीन.

प्रश्न : मी एमपीएससीचा अभ्यास करते. संयुक्त राष्ट्रांचा '1325' ठराव नेमका काय? त्याचा प्रत्यक्षात उपयोग झाला का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सुरक्षा परिषदेनं तो 31 ऑक्टोबर 2000 रोजी एकमतानं मंजूर केला. संघर्ष टाळणं, मिटवणं आणि नंतरची घडी बसवणं या सगळ्यात बायकांचा सहभाग हवा, आणि युद्धात होणाऱ्या लैंगिक अत्याचारांपासून त्यांना संरक्षण हवं, हा गाभा. बऱ्याच देशांनी त्यावर राष्ट्रीय कृती आराखडे केले. भारतानं असा आराखडा केलेला नाही. मात्र केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी 2007 मध्ये लायबेरियाला गेली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेतलं ते महिलांचं पहिलं पोलीस पथक.

उत्तरात लायबेरियाचंच उदाहरण द्या. तिथे यादवी युद्ध चालू होतं. 2003 मध्ये लेमा बोवी आणि तिच्या सहकारी, ख्रिश्चन आणि मुस्लिम मिळून, पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ शांततेसाठी रोज बसत. घानात शांतता वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा तिथल्या सभागृहाची दारं अडवून त्या बसल्या, करार झाल्याशिवाय पुढाऱ्यांना बाहेर पडू देणार नाही म्हणाल्या. हे जुलैत. करारावर सह्या 18 ऑगस्टला झाल्या. शांततेचं नोबेल 2011 चं, लेमा बोवी, लायबेरियाच्या एलन जॉन्सन सरलीफ आणि तवक्कुल करमान या तिघींना विभागून. त्यांतल्या करमान येमेनच्या आहेत, लायबेरियाच्या नाहीत. पर्यायी प्रश्नात तिथे फसाल.